पत्त्यांचा हंगाम

गेल्या दिवाळीच्या सुटीत आमच्या अकोल्याच्या घरी, ओसरीवर, एक सौदा झाला. धाकटा नातू अमरावतीहून आला होता. वय वर्षे नऊ. शेजारचा एक मुलगा त्याच्याहून चार-पाच वर्षांनी मोठा. दोघांच्याही हाती चित्रांच्या पत्त्यांचे गठ्ठे होते. अर्धा तास दोघे त्या गठ्ठ्यांवर माना घालून बसले आणि शेवटी नातवाने आपले एक पान देऊन दहा चकचकीत पाने मिळविली. फराळाचे ताट पुढे येईपर्यंत तो घरभर नाचत होता. संध्याकाळी त्याच्या आत्तेभावाने ती दहा पाने पाहिली, गेलेले एक पान कोणते ते विचारले, आणि कपाळाला हात लावला. त्या एका पानात असली वीस पाने सहज आली असती, असे त्याचे म्हणणे. मग रडारड झाली.

"आबाजी, म्या एक देल्ला, त्यानं मले दहा देल्ले. मंग म्या फसलो कसा?" हा त्याचा प्रश्न होता.

कापसाच्या मुलखात जन्म काढलेल्या माणसाला या प्रश्नाचे उत्तर ठाऊक असते. पण नऊ वर्षांच्या मुलाला ते समजावून सांगणे सोपे नव्हे. मी त्याला काहीतरी सांगून गप्प केले आणि मग स्वतःच विचार करीत बसलो. हे पत्ते म्हणजे आहे तरी काय? आमच्या मेंढीकोटात आणि बदामसातीत कधी कोणी कोणाला पान विकले नाही. खेळ संपला की बावन्न पाने पुन्हा एका डबीत जात. येथे तर प्रत्येकाची डबी निराळी, आणि खेळापूर्वीच बाजार भरलेला! चार दिवस मुलांना विचारले, मोठ्यांकडून माहिती घेतली, जुनी पुस्तके काढली. त्यातून जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवीत आहे. दिवाळीच्या पाडव्याला आपल्याकडे द्यूतप्रतिपदा असेही एक नाव आहे. तेव्हा विषय प्रसंगाला सोडून आहे असे कोणी म्हणणार नाही.

आपल्या देशात पत्त्यांची नोंद सापडते ती बाबरापासून. त्याने १५२७ साली सिंधच्या शहा हसनकडे गंजिफा पाठविल्याचे आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. पुढे अकबराच्या दरबारात हा खेळ रंगला. अबुल फजलने 'आइने-अकबरी'त त्याचे वर्णन केले आहे. बारा रंग, प्रत्येक रंगात बारा पाने, एकूण १४४ पानांचा तो संच. रंगांची नावे तरी कशी? अश्वपती, गजपती, नरपती, गडपती, धनपती, दलपती अशी. घोडदळाचा धनी, हत्तींचा धनी, गडांचा धनी, खजिन्याचा धनी. अख्खे राज्यच हातात धरून खेळावयाचे!

वऱ्हाडी वाचकाला मौज वाटेल ती अशी की, ज्या 'आइने-अकबरी'त हे पत्ते आहेत त्याच ग्रंथात आपला वऱ्हाडही आहे. १५९६ साली वऱ्हाड मोगलांकडे आला. शाहजादा मुराद याने बाळापूरजवळ तळ दिला. अबुल फजलने वऱ्हाड सुभ्याचे प्रकरण लिहिले, एलिचपूरची, नरनाळ्याची, गाविलगडाची नोंद केली. म्हणजे आजच्या अकोला जिल्ह्यातील नरनाळा आणि अमरावती जिल्ह्यातील गाविलगड हे दोन्ही त्या पुस्तकात गडपतीच्या पानाचे शेजारी आहेत.

पुढे बारा रंगांचे आठ झाले आणि ९६ पानांची मोगल गंजिफा रूढ झाली. महाराष्ट्रात तिच्या जोडीला दशावतारी गंजिफा आली. मत्स्यापासून कलंकीपर्यंत दहा रंग, प्रत्येकी राजा, प्रधान आणि दहा साधी पाने, अशी १२० पाने. पाने गोल, हाताने रंगविलेली, वर लाखेचा लेप. खेळ दिवसा असेल तर रामाचा राजा ज्याच्याकडे तो पहिली उतारी करी. रात्री असेल तर तो मान कृष्णाचा. अर्ध्या रंगांत दहाचे पान मोठे आणि एक्का धाकटा, उरलेल्या अर्ध्यांत नेमके उलट. खेळणारे बहुधा तिघे. प्रत्येकाच्या वाट्याला चाळीस पाने. सावंतवाडीच्या राजघराण्यातील शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या कलेला हात दिला, म्हणून ती तेथे टिकली.

या गंजिफांतही श्रीमंती-गरिबी होती. दरबारी पाने हस्तिदंताची किंवा कासवाच्या पाठीची असत. बाजारी पाने कागदाची वा कापडाची. परंतु एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. हस्तिदंती असो की कागदी, संच एकच असे आणि तो सर्वांना सारखा वाटला जाई. सरदार आणि त्याचा कारकून खेळावयास बसले, तर दोघांनाही चाळीसच पाने मिळत आणि रामाचा राजा कोणाकडे जाईल हे सरदाराच्या खजिन्यावर ठरत नसे. विलायती बावन्न पाने आली तेव्हाही हीच रीत चालू राहिली. पिसणारा एक, कापणारा दुसरा, वाटणारा तिसरा. पैसा लागला तर डावावर लागे. पानांत शिरत नसे.

पैसा पानांत कसा शिरला याची हकीकत अमेरिकेत सुरू होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील तंबाखूचे व्यापारी सिगारेटच्या पाकिटात एक जाड कागदाचा तुकडा घालीत, पाकीट चेपू नये म्हणून. त्या तुकड्यावर त्यांनी चित्रे छापण्यास आरंभ केला. नट्या आल्या, मल्ल आले, बेसबॉलचे खेळाडू आले. इंग्लंडात विल्स कंपनीने १८९६ साली क्रिकेटपटूंची मालिका काढली. रणजितसिंहजींची चित्रेही अशा पाकिटांतून घरोघर गेली. माळ पुरी करण्यासाठी पोरे बापाच्या मागे लागत आणि दुबार आलेली चित्रे एकमेकांत बदलीत. आमच्या लहानपणी आम्ही आगपेट्यांवरची चित्रे आणि सिगारेटची रिकामी पाकिटे जमवीत असू, ते याच जातीचे वेड. त्यावर आम्ही डावही लावीत असू आणि हरलेल्याची चित्रे जिंकणारा घेऊन जाई. १९९०च्या सुमारास परदेशी कुस्तीगिरांची चित्रे व आकडे असलेली ट्रंप कार्डे आली, तेव्हा पुढच्या पिढीने तेच केले.

या जमविण्याच्या वेडाला आणि पत्ते खेळण्याच्या वेडाला एकत्र बांधले ते रिचर्ड गारफील्ड नावाच्या गणिताच्या एका प्राध्यापकाने. १९९३ च्या ऑगस्टात अमेरिकेतील मिलवॉकी शहरी भरलेल्या खेळांच्या मेळ्यात त्याचा 'मॅजिक: द गॅदरिंग' हा खेळ विक्रीस आला. विझार्ड्स ऑफ द कोस्ट ही सिॲटलजवळची लहानशी कंपनी तो विकीत होती. यात सर्वांचा मिळून एक संच नाही. पाने बंद पाकिटांतून मिळतात. काही सर्रास, काही दुर्मिळ. ज्याने त्याने आपापल्या पानांतून आपला कॅट बांधावयाचा, आणि समोरच्याच्या कॅटाशी झुंजवावयाचा. १९९६ साली जपानात पोकेमॉनचे पत्ते निघाले तेही याच वळणाचे. आमच्या ओसरीवरचा सौदा त्यांचाच होता.

गारफील्ड गणिती होता, पण माणसांच्या हौसेचा त्याचा हिशेब चुकला. त्याची समजूत अशी की, एखादा माणूस जितका खर्च पटावरील खेळावर करतो तितकाच यावर करील. चार-दोन पाकिटे घेईल. मग साऱ्या आळीत मिळून एखादे जबर पान असेल आणि ते कोणाकडे आहे याची कुजबूज हाच खेळाचा अर्धा आनंद ठरेल. घडले उलटे. लोकांनी पेट्याच्या पेट्या विकत घेतल्या. एकेका जबर पानाच्या अनेक प्रती एकाच कॅटात भरू लागल्या. धनपतीचा रंग इतर सर्व रंगांवर मात करू लागला.

दुसरी अडचण त्याहून जुनी होती. मूळच्या नियमांत 'पण' होता. खेळापूर्वी प्रत्येकाने आपल्या कॅटातील एक पान न पाहता बाजूला काढावयाचे. जो जिंकेल त्याने दोन्ही न्यावयाची. हा थेट आमच्या आगपेटीच्या चित्रांचा खेळ झाला. धर्मराजाच्या द्यूताची गोष्ट ज्या देशात आजी सांगते, त्या देशात पणाचा शेवट कोठे होतो हे निराळे सांगावयास नको.

येथून पुढची गोष्ट मला खरी महत्त्वाची वाटते. कारण ती आपल्या वऱ्हाडाच्या अनुभवाला जाऊन भिडते.

विनिमयाच्या पत्त्यांचा हा खेळ निम्मा बाजार आहे आणि निम्मा आखाडा. दोहोंना शिस्त लागते. आणि बाजाराला व आखाड्याला शिस्त लावण्याचे काम वऱ्हाडात फार पूर्वी झालेले आहे.

आधी बाजार. १८८६ साली वऱ्हाडातील कारंजा येथे कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. त्या वेळी वऱ्हाडचा कारभार हैदराबादच्या इंग्रज रेसिडेंटाकडे होता. कारंजा आज वाशीम जिल्ह्यात मोडते. हिंदुस्थानातला हा अशा जातीचा पहिला बाजार मानला जातो. १८९७ साली वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांसाठी कायदा झाला. बाजाराची जागा ठरली, समिती नेमली गेली, दलाल आणि मापाडी यांना परवाने लागू झाले. कारण काय? शेतकऱ्याची गाडी बाजारात आली की रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरे. तो त्याला दिसत नसे. वजन करणारा दुसऱ्याचा, काटा दुसऱ्याचा, आणि धर्मादायापासून हमालीपर्यंत कापल्या जाणाऱ्या रकमा तिसऱ्याच्या मर्जीच्या. दोन्ही बाजू राजीखुषीने सौदा करीत, पण एकाला भाव ठाऊक असे आणि दुसऱ्याला नसे. माझ्या नातवाच्या प्रश्नाचे उत्तर हेच. तो फसला तो आकड्यात नव्हे, माहितीत फसला.

त्या कायद्यातही खोट होतीच. समितीत व्यापाऱ्यांचाच भरणा होता. ज्याचा कापूस त्याला तेथे जागा नव्हती. १९२८ च्या शेतकी कमिशनने वऱ्हाडच्या बाजारांचा आदर्श इतर प्रांतांपुढे ठेवला, तरी या उणिवेकडे बोट दाखविलेच. नियम असणे ही एक गोष्ट, आणि नियम करणाऱ्यांत आपला माणूस असणे ही दुसरी.

आता आखाडा. १९१४ साली अमरावतीस अंबादासपंत व अनंतराव वैद्य या बंधूंनी श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा पाया घातला. १९३६ साली या मंडळाचे पथक बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी तेथे गेले आणि हुतूतूसारखे आपले खेळ त्याने युरोपीय प्रेक्षकांना दाखविले. पण त्या हुतूतूची घरची स्थिती काय होती? गावागणिक नियम निराळे. बाद झालेल्या गड्याचे काय करावयाचे यावरच तीन मते होती. गामिनीत बाद झालेला गडी बाहेर बसे, तो सारा संघ बाद होईपर्यंत. संजीवनीत समोरचा गडी बाद झाला की आपला एक जिवंत होई. अमर प्रकारात बाद झालेला गडी मैदान सोडीतच नसे. फक्त समोरच्याचा गुण मांडला जाई. १९२३ साली बडोद्यास अखिल भारतीय स्पर्धा भरली, १९५० साली कबड्डीचा देशव्यापी संघ झाला, १९९० साली खेळ आशियाई सामन्यांत पोचला. हे सारे कोठे तरी बसून कोणी तरी 'बाद म्हणजे काय' हे कागदावर लिहिले म्हणून शक्य झाले.

नव्या पत्त्यांच्या मंडळ्यांनाही हीच दोन कामे करावी लागली. ती त्यांनी कशी केली ते पाहू.

पहिल्याने 'पण' गेला. अधिकृत स्पर्धांतून तो वगळला गेला आणि त्यावर चालणारी पानेही बाद ठरली. पोकेमॉनच्या पत्त्यांत याची एक सुरेख युक्ती आहे. आरंभी प्रत्येक खेळाडू आपल्याच साठ पानांतून सहा पाने बक्षीस म्हणून पालथी मांडतो. समोरच्याचा प्राणी पाडला की त्यातले एक उचलावयाचे. सहाही उचलली की डाव जिंकला. म्हणजे बक्षीस मिळते, पण ते स्वतःच्याच खिशातले; हरणाऱ्याचे काही जात नाही.

दुसऱ्याने पैशाला कुंपण घातले. १९९४ च्या आरंभी 'मॅजिक'च्या स्पर्धांसाठी नियम झाला की कॅट किमान साठ पानांचा हवा आणि एका नावाच्या चारांहून अधिक प्रती त्यात नकोत. काही फार जबर पानांची एकच प्रत चालेल, काही मुळीच चालणार नाहीत, अशी यादी निघाली. पुढच्याच वर्षी आणखी एक वर्ग झाला. त्यात फक्त अलीकडे निघालेली पाने चालत, जुनी पाने मुदतीने बाद होत. त्यामुळे आज नव्याने खेळावयास आलेल्या मुलाला पूर्वीच्या दुर्मिळ पानांमागे हजारो रुपये घालावे लागत नाहीत. अर्थात नवी पाने घ्यावीच लागतात, आणि तो फायदा कंपनीचा. समितीत व्यापाऱ्यांचा भरणा, ही कारंज्याची जुनी तक्रार येथेही आहेच.

त्यावर खेळणाऱ्यांनी स्वतःच तोड काढली. फक्त साधी, सर्रास मिळणारी पाने वापरूनच कॅट बांधावयाचा, असा एक प्रकार त्यांनी चालविला आणि त्याला नाव दिले 'पॉपर', म्हणजे कंगाल! कंगालांचा हा डाव इतका रुजला की २०१९ साली कंपनीला त्याला सर्वत्र अधिकृत मान्यता द्यावी लागली. आणखी एक प्रकार आहे, तो मला सर्वांत न्याय्य वाटला. खेळावयास आलेल्या प्रत्येकाने तीन बंद पाकिटे घेऊन गोल बसावयाचे. पाकीट फोडून एक पान ठेवावयाचे, उरलेली डावीकडच्याला द्यावयाची. दुसऱ्या पाकिटाला उजवीकडे, तिसऱ्याला पुन्हा डावीकडे. यातून जे हाती लागेल त्याचाच कॅट. खर्च सर्वांचा सारखा, संधी सारखी. उरते ती अक्कल. गंजिफाच्या वाटणीची जुनी रीतच येथे वळसा घालून परत आली आहे.

तिसरे काम हरणाऱ्याचे. आपल्याकडे स्पर्धा म्हटली की बाद पद्धत. सोळा मुले घ्या. पहिल्या फेरीला आठ घरी गेली. त्यांत नऊ वर्षांचे सर्वांत लहान पोर हमखास असावयाचे. सकाळी डबा घेऊन आलेले ते दहा वाजता रडत परत. पत्त्यांच्या मंडळ्या बहुधा स्विस पद्धतीने खेळतात. १८९५ साली झुरिच येथे बुद्धिबळाच्या स्पर्धेत ती प्रथम वापरली गेली. यात कोणी बाद होत नाही. प्रत्येक फेरीत सारखे गुण असलेल्यांची गाठ घालून दिली जाते. जिंकणारा जिंकणाऱ्याशी, हरणारा हरणाऱ्याशी. विजयाला तीन गुण, बरोबरीला एक. सोळा मुलांना चार फेऱ्या पुरतात. बाद पद्धतीत पंधरा सामन्यांत काम आटोपते. येथे बत्तीस होतात आणि प्रत्येक मूल चार वेळा खेळते. बरोबरी झाली नाही तर शेवटी चारही जिंकणारा एक निघतो, तीन जिंकणारे चार, दोन जिंकणारे सहा, एक जिंकणारे चार आणि एकही न जिंकणारा एक. गुण सारखे झाले तर कोणाचे प्रतिस्पर्धी अधिक तगडे होते ते पाहतात. हुतूतूच्या भाषेत सांगावयाचे तर हा अमर प्रकार आहे. गडी हरला तरी मैदानात राहतो.

असे एक-एक दिवस जोडून हंगाम होतो. गावातील मंडळी आठवड्याला एकदा जमतात, गुण वहीत मांडले जातात. मोठ्या स्पर्धांना गुण अधिक, लहानांना कमी. पोकेमॉनमध्ये वयाप्रमाणे तीन गट असतात, म्हणजे नऊ वर्षांच्या पोराची गाठ कॉलेजातल्या दादाशी पडू नये. वर्षभराचे गुण पुरेसे झालेल्यांना जागतिक स्पर्धेचे बोलावणे येते. ती बहुधा ऑगस्टात होते. त्यानंतर वही कोरी, आणि पुन्हा पहिल्यापासून. आपल्याकडे सरकीपासून कापसाच्या गाठीपर्यंत जसा एक हंगाम, तसाच हा.

काही वाचक विचारतील, हा जुगार नव्हे काय? प्रश्न रास्त आहे. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयापुढे रमीचे एक प्रकरण गेले होते. रमीत पाने लक्षात ठेवावी लागतात, कोणते धरावे व कोणते टाकावे हे कौशल्याने ठरवावे लागते, म्हणून तो मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, असे न्यायालयाने म्हटले. तीन पानी खेळासारखा तो निव्वळ नशिबाचा नव्हे. या मापाने पाहता नव्या पत्त्यांचा डाव जुगार नव्हे. मात्र बंद पाकीट फोडताना मुलांच्या डोळ्यांत जी चमक येते, ती मला नाही म्हटले तरी ओळखीची वाटते. पाकिटात काय निघेल हे नशीब आहे, आणि नशीब विकत घेण्याची सवय लागावयास वेळ लागत नाही. म्हणून पाकिटांचा खर्च किती हे घरच्या वडील माणसांनी हंगामाच्या आरंभीच ठरवून द्यावे, असे माझे मत झाले आहे. दिवाळीचे कपडे ठरतात, फटाके ठरतात, तसेच हेही.

आता ओसरीवरच्या सौद्याकडे परत येतो.

भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी मी आळीतली पोरे जमविली. शेजारचा तो मुलगाही आला, जरा घुटमळतच. कारंज्याच्या बाजाराची गोष्ट त्यांना सांगितली. रुमालाखालचा भाव म्हणजे काय ते माझ्या उपरण्याखाली त्यांची बोटे दाबून दाखविले. त्यात मात्र सर्वांना मोठी गंमत वाटली. मग नियम कोणते करावेत ते मी सांगितले नाही, त्यांनाच विचारले. समितीत कोण असावे यावर बराच वेळ गेला. शेवटी मोठ्यांतले दोन, लहानांतले दोन, आणि मुली दोन, असे ठरले. माझी वही मागितली गेली.

त्या वहीत त्यांनी जे लिहिले ते थोडक्यात असे. अदलाबदल उघड्यावर, चारचौघांसमोर व्हावी. दहा वर्षांच्या आतील मुलाने पान देण्यापूर्वी समितीतल्या एकाला दाखवावे. दिवेलागणीपर्यंत सौदा मोडता येईल; दिवे लागल्यावर तो पक्का. पणाला पान लावावयाचे नाही. रविवारी चार फेऱ्या, कोणीही बाद नाही. कार्तिकापासून होळीपर्यंत जितके रविवार होतील त्यांतले ज्याचे त्याचे आठ चांगले रविवार मोजावयाचे, म्हणजे कोणी आजारी पडला किंवा मामाच्या गावाला गेला तर त्याचे नुकसान होऊ नये. अमरावतीच्या पाहुण्यांना सुटीत आल्यावर खेळता येईल आणि त्यांचेही गुण धरले जातील. हे शेवटचे कलम कोणी सुचविले ते सांगावयास नको.

राहता राहिला तो जुना सौदा. दिवेलागणीचा नियम त्यानंतरचा, तेव्हा तो त्याला लागू होतो की नाही यावर समितीत दोन तट पडले. मोठ्यांपैकी एकाचे म्हणणे, कायदा मागे लागू करू नये. मुलींचे म्हणणे, ज्या सौद्यामुळे कायदा झाला त्यालाच तो लागू नसेल तर कायद्याचा उपयोग काय. मी काही बोललो नाही. असल्या वादात चांगले चांगले वकील वर्षे घालवितात.

तो शेजारचा मुलगा इतका वेळ गप्प होता. त्याने खिशातून ते पान काढले, वहीवर ठेवले आणि म्हणाला, "घे बाप्पा तुवा पत्ता. पन माये दहा वापस दे. अन् रयवारी खेळाले ये."

नातवाने नऊ परत दिली. दहाव्यावर चकलीचे तेल लागले होते. ते त्याने धोतराच्या सोग्याला पुसायला मजकडे आणले. डाग काही गेला नाही. समितीने ते पान पाहिले, दोघांना विचारले, आणि डागासह ते परत घेण्यास मालकाची हरकत नसल्याची नोंद वहीत केली. हंगामाची ती पहिली नोंद. वही अजून ओसरीवरच्या कोनाड्यात आहे.